उलटे नळ

जूनपासून इथे नळ उलटे होतात.
गारचा सोडावा तर हात पोळतो,
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात शिजत असते.
मग गीझर बंद ठेवायचा
आणि लाल खुणेच्या नळातून गार पाणी घ्यायचं.
हे बीनाचेचीनं शिकवलं,
अबू शगाऱ्यातल्या या खोलीत
आम्ही दोन बॅगा टेकवल्या त्या रात्री.
मी हसले. चेचीला वाटलं, नळालाच हसले.

आधीचं घर अल नहदात, सातव्या मजल्यावर.
लिफ्ट थांबल्याचा आवाज आला
की मी शिट्टीआधीच कुकर उतरवायचे,
ओजस चपला एका रेषेत लावायचा,
आणि शर्वरी, तीन वर्षांची,
झोपेचं सोंग इतकं छान करायची
की मीही फसायचे.
किल्ली सरळ फिरली तर बरा दिवस.
भोकाभोवती खरवडली, तर तसा.

इथे लिफ्ट नाही. पण पहिले दोन महिने
मी दवाखान्यातून परत येऊन दारात किल्ली घातली
की आतली दोघं गप्प व्हायची.
माझ्या किल्लीनं.
हे कळलं त्या दिवशी दारातच उभी राहिले,
काखेत गरम खुबुस, पिशवीचा बंद खांद्यात रुतलेला.
दुसऱ्या दिवसापासून जिन्यातूनच ओरडायला लागले:
मी आले गं! मी आले रे!
खालचा टॅक्सीवाला गुलरेज आधी दचकायचा.
आता तोही ड्युटीवरून आला की ओरडतो,
आलेरे, असं एकच शब्द करून.

मुलं माझ्या व्हिशावर यायला सात महिने लागले.
कागदांचं अरबी करून देणाऱ्या म्हाताऱ्यानं
एका ओळीवर बोट ठेवून विचारलं,
हे किती वेळा?
मी म्हटलं, तुम्हाला अनेकवचन येतं ना?
त्यानं चष्मा पुसला, पैसे निम्मेच घेतले.
मला ते आवडलं नाही.
पण उरलेल्या पैशांतून दोन दप्तरं आली.

गुहागरहून आई वर्षभर एकच सांगत होती,
भांड्याला भांडं लागतंच गं.
एकदा म्हटलं, आई, मी भांडं नव्हते.
फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज.
मग बऱ्याच वेळानं: आमसुलं पाठवू?
सव्वा किलो आली, कुणाच्या तरी बॅगेतून,
त्याच्या पांढऱ्या शर्टाला डाग पाडत.
आमच्याकडे माफी अशीच मागतात.

सगळं सुरळीत झालं, असं नाही.
मागच्या शुक्रवारी ओजसनं रिमोट फेकला,
शर्वरीच्या भुवईला लागला.
त्याचा चेहरा वळला तो अगदी त्याचाच,
तो जबडा, ते नाक,
आणि माझा हात वर गेला.
वरच राहिला.
दोघंही त्या हाताकडे बघत होती.
मला तो खाली आणायचा कसा कळेना,
शेवटी त्यानंच मी दिव्याचं बटण बंद केलं.
अंधारात बरं असतं बोलायला.
ओजस म्हणाला, मी बाबांसारखा होणार का?
मी म्हटलं, माहीत नाही रे.
पण तू विचारलंस.
त्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं.
शर्वरी म्हणाली, मला बर्फ हवाय,
आणि दिवा लावा, मला दिसत नाहीये.

ऑक्टोबर संपत आला.
आज सकाळी सवयीनं लाल नळ सोडला
तर बाजूचा निळा नळ तिनं आधीच सोडलेला,
खाली तोंड, सगळा फ्रॉक भिजवून:
आई, नळ सुलटे झाले!
कधी झाले कोण जाणे.
मी गीझर लावला.
जरा जळका वास येतोय वायरचा.
गुलरेज आला की दाखवते.